मराठी मालिका लिहायच्यात? गोव्यातली मुलं मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी मूळ गोव्यातल्या साखळी गावची. आधी हौशी नाटकं, एकांकिका, मग मुंबईत बरीच वर्षं मालिकांचे संवाद आणि नंतर पटकथा, आता जास्त करून इथूनच लिहिते. चवथीला गावात असले की, किंवा रवींद्र भवनात कुठल्या स्पर्धेला बसले की मध्यंतरात कोण ना कोण येतंच, ताई मला सिरीयल लिहायचीय, काय करू. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट सांगून माझंच समाधान होत नाही, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलंय.

टायटलमध्ये कथा, पटकथा, संवाद अशी वेगवेगळी नावं का येतात? एक लेखक पुरत नाही का?

पुरत नाही, आणि का ते गणित करून बघा. आठवड्याला कमीत कमी सहा एपिसोड धरले तर वर्षाला तीनशेच्या वर जातात, अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती काढल्या की साधारण 22 मिनिटं उरतात, म्हणजे वर्षाला शंभर तासांहून जास्त गोष्ट लागते. अडीच तासांचं नाटक धरलं तर चाळीसहून जास्त नाटकं झाली ही. एका माणसाच्या हातून ते होत नाही.

म्हणून काम वाटलेलं असतं. कथा लिहिणारा महिना-दोन महिन्यांचा ट्रॅक बांधतो, म्हणजे लग्न कधी मोडणार, गुपित कुणाला आधी कळणार, कोण घर सोडून जाणार. त्यातून आठवड्याची वनलाइन निघते, प्रत्येक एपिसोडमध्ये काय घडतं आणि तो कुठल्या हुकवर, म्हणजे उद्या काय होणार ही उत्सुकता लावणाऱ्या क्षणावर, संपतो ते. मग पटकथावाला त्याचे सीन पाडतो, कुठे, दिवस की रात्र, सीनमध्ये कोण कोण, सुरुवातीला कोणाचं पारडं जड आणि शेवटी कोणाचं. आणि सगळ्यात शेवटी संवाद. काही मालिकांत पटकथा-संवाद एकच माणूस करतो, पण नवीन माणसाला दार उघडतं ते बहुतेक वेळा संवादाचंच, कारण तिथे हात जास्त लागतात आणि घाई सगळ्यात जास्त तिथेच असते.

माझ्याकडे एक एकदम वेगळी आयडिया आहे. चॅनलला कशी विकू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला मनापासून वाटतं की सुरुवात इथून करू नये. चॅनल नवख्या माणसाकडून सहसा नुसती आयडिया घेत नाही, कारण तीनशे-पाचशे एपिसोड ओढून नेणारा माणूस त्यांना हवा असतो, आणि तो तुम्ही आहात हे तुम्ही कुणाच्या तरी मालिकेत वर्ष-दोन वर्षं लिहून दाखवल्याशिवाय त्यांना कळणार कसं. शिवाय नवी मालिका बहुतेक प्रॉडक्शन हाऊसमार्फत जाते, ते चॅनलकडे पिच करतात, म्हणजे गोष्ट मांडून पटवतात, मग कॉन्सेप्ट, पात्रांची माहिती, पहिल्या काही आठवड्यांची गोष्ट, पायलट म्हणजे नमुन्याचा एपिसोड, अशी लांबलचक वाट असते आणि त्यातली किती तरी कामं मधेच थांबतात. तुमची आयडिया लिहून, तारीख घालून, रजिस्टर करून ठेवा. ती कुठे पळत नाही. तोवर दुसऱ्यांच्या गोष्टीत लिहायला शिका.

मग पहिलं काम मिळतं कसं?

ओळखीतून आणि ट्रायलमधून, दोन्ही लागतात. ओळख म्हणजे वशिला नव्हे, कुणीतरी तुमचं काम बघितलेलं असतं. आपल्याकडच्या किती तरी जणांची सुरुवात अशी होते की एकांकिका मुंबई-पुण्याच्या स्पर्धेला गेली, तिथल्या दिग्दर्शकाने नंबर घेतला, त्याचा मित्र कुठल्या तरी मालिकेत क्रिएटिव्ह, म्हणजे गोष्टीवर आणि लेखकांच्या कामावर लक्ष ठेवणारा, होता, त्यांचा संवादलेखक आजारी पडला आणि रात्री साडेदहाला फोन आला की दोन सीन करून देशील का सकाळपर्यंत. त्या रात्री तुम्ही हो म्हणता आणि खरंच सकाळी सातला पाठवता, इथून करिअर सुरू होतं. माझंही असंच झालं, पहिल्या दोन सीनचे पैसे मिळाले नाहीत पण तिसऱ्या दिवशी पूर्ण एपिसोड मिळाला.

पण एक सांगते, फुकटच्या ट्रायलला मर्यादा ठेवा. दोन-चार सीन ठीक आहेत. कोणी आठवडाभराचे एपिसोड ट्रायल म्हणून मागत असेल तर तो त्यांचं काम भागवून घेतोय.

सॅम्पल म्हणून काय द्यायचं तर चालू मालिकेतलीच पात्रं घेऊन स्वतः रचलेले तीन-चार सीन, आणि एक स्वतःचं काहीतरी, एकांकिका चालेल. कविता, ललित, दिवाळी अंकातली कथा हे सगळं छान आहे, पण वाचणाऱ्याला त्यातून तुम्हाला सीन येतो की नाही ते कळत नाही. मेल दोन-तीन ओळींचा पुरे. दुसरा रस्ता म्हणजे असिस्टंट म्हणून शिरणं, क्रिएटिव्ह टीममध्ये किंवा सीनियर लेखकाच्या हाताखाली. पैसे कमी, धावपळ जास्त, पण सहा महिन्यांत मशीन कसं चालतं ते कळतं.

नाटक लिहिता येतं, मालिका वेगळी काय असते?

ह्यावर मी तासभर बोलू शकते. आपल्याकडे देवळाच्या राजांगणात, मांडावर, कला अकादमीच्या स्पर्धेत नाटकं बघत बघत आपण मोठे होतो, त्यामुळे माणूस रंगमंचावर आला की तो काय बोलेल हे आपल्याला आपोआप येतं. ही मोठी पुंजी आहे, मुंबईत वाढलेल्या बऱ्याच मुलांकडे ती नसते. पण नाटकाचा प्रेक्षक काळोखात बसून फक्त तुमच्याकडे बघत असतो. मालिकेची प्रेक्षक संध्याकाळी साडेसातला चुलीपाशी असते, टीव्ही बाहेरच्या खोलीत, कुकरची शिट्टी चालू, आणि ती अर्धा एपिसोड नुसता कानाने घेते. म्हणजे कानाला कळलं पाहिजे. आणि त्याच वेळी कॅमेरा चेहऱ्याच्या वीतभर अंतरावर असतो, म्हणजे जास्त बोललं की खोटं वाटतं. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांभाळायच्या असतात.

उदाहरण देते. पटकथेत एवढंच आलंय: सून स्वयंपाकघरात, सासू तिजोरीची चावी मागायला येते, सून देत नाही. नाटकवाला मुलगा पहिल्यांदा असं लिहितो: 'आई, ही चावी बाबांनी विश्वासाने माझ्याकडे सोपवली आहे, त्यामुळे तुम्ही कितीही मागितलीत तरी मी ती देणार नाही.' सगळं कळलं, पण आता नटीला करायला काहीच उरलं नाही आणि सीन पहिल्या ओळीतच संपला. मग त्याला सांगितलं जास्त बोलू नकोस तर तो लिहितो: सून गप्प राहते, मान वळवते. कॅमेऱ्याला छान, पण चुलीपाशी उभी असलेली बाई विचारणार, काय झालं गे, दिली का? मी असं लिहीन: 'चावी पदराला बांधलीय आई, हात कणकेचे आहेत माझे.' चावी हा शब्द कानावर पडला, नाही म्हटलेलं नाही, सासूला कळलं, बघणारीलाही कळलं, आणि आता सासू स्वतः पुढे होऊन पदराची गाठ सोडते की नाही ह्यावर पुढचं दीड मिनिट चालतं. असे सीन रोज एक लिहा. छापायला नको, कुणाला दाखवायला नको, फक्त लिहा आणि मोठ्याने वाचा.

अजून एक, नाटकात पात्र शेवटपर्यंत बदलत जातं, मालिकेत पात्र फार बदललं की लोकांना आवडत नाही. त्यांना तीच माणसं रोज भेटायला हवी असतात, परिस्थिती बदललेली.

माझी मराठी गोव्याची आहे, घरात कोकणी बोलतो. अडचण येईल का?

सुरुवातीला येईल, खोटं कशाला सांगू. आपल्यातल्या खूप जणांची मराठी शाळेतून, पेपरातून, कीर्तनातून आणि नाटकांतून आलेली असते, घरात कोकणी. त्यामुळे व्याकरण पक्कं असतं पण संवाद लिहायला बसलो की छापील होतात, 'मी आता निघत आहे' असं आपलं पात्र म्हणतं, ठाण्यातली मुलगी 'निघते गं' म्हणते. मला पहिल्या वर्षी हेच ऐकावं लागलं आणि वाईट वाटायचं, कारण मराठी हा तर माझा अभिमानाचा विषय. मग मी कान उघडे ठेवून हिंडायला लागले, लोकलच्या लेडीज डब्यात, दादरच्या भाजीबाजारात, एसटी स्टँडवर. वहीत माणसांची वाक्यं जशीच्या तशी उतरवायची, क्रियापद कुठे गिळतात, कुठे 'ना' लावतात, राग आला की वाक्य कसं तुटतं. सहा महिन्यांत फरक पडला.

पण हीच गोष्ट नंतर कामी येते. दोन भाषांत वाढलेल्या माणसाचा कान जात्याच तिखट असतो, आणि मालिका हल्ली कोल्हापूर, सातारा, नाशिक, विदर्भ, सगळीकडच्या असतात, प्रत्येकीची बोली वेगळी लागते. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात शूट झालेली मालिका 2016 साली आली आणि मालवणी बोली घराघरात रोज ऐकू यायला लागली, तेव्हा आपल्या पट्ट्यातल्या लेखक-नटांना वाटलं की आपलं बोलणं तिथे चालतं. पेडणे, सत्तरी, डिचोलीच्या मुलांना मालवणी शिकवावी लागत नाही. एकदा मी गणपतीच्या सीनमध्ये वर माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळांची आरास, बांधताना घरातले दोघे बोलतात असं लिहिलं, क्रिएटिव्हने विचारलं हे काय असतं, मी फोटो पाठवले, आर्टवाल्यांनी नारळ, सुपाऱ्या, रानफळं आणून खरंच बांधली आणि तो सीन त्या आठवड्यातला माझा सगळ्यात आवडता सीन आहे. आपलं असं काय काय आहे ते विसरू नका.

गोव्यात राहून जमेल, की मुंबईला जावंच लागतं?

पहिली दोन-तीन वर्षं जा. लॉकडाऊननंतर स्टोरी मीटिंग ऑनलाइन व्हायला लागल्या आणि संवाद तर कुठूनही पाठवता येतात, मी आज साखळीतून पाठवते, पण हे मला जमतं कारण समोरची माणसं मला ओळखतात. नवीन माणूस सेटवर गेलाच पाहिजे. आपण लिहिलेलं वाक्य नटाच्या तोंडात कुठे अडकतं, पाच माणसांचा सीन शूट करायला किती वेळ जातो, पाऊस लिहिला की प्रॉडक्शनवाल्याचा चेहरा का पडतो, हे फोनवर कळत नाही. सेट बहुतेक ठाण्याच्या घोडबंदर रोडला, मढला, गोरेगावच्या फिल्मसिटीत, नायगाव-मीरारोडच्या बाजूला असतात, त्यामुळे खोली घेताना दादरचा हट्ट नको, ठाणे-बोरिवली बघा. मडगाव, करमळी किंवा थिवीला संध्याकाळी कोकणकन्या पकडली की सकाळी ठाण्याला उतरता येतं, मीटिंग करून परत रात्रीची गाडी, असं मी वर्षभर केलंय. तरुण असताना होतं.

2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झाली तेव्हा किती तरी मालिका गोव्यात आल्या होत्या, घरातली माणसं एकदम रिसॉर्टवर का गेली ह्याची कारणं लेखकांनी रातोरात शोधली, आणि मे महिन्यात इथल्याही परवानग्या रद्द झाल्या. तेवढ्या दिवसांत सेटवर जाऊन बसलेली आपली काही मुलं नंतर त्या युनिटबरोबर मुंबईला गेली. असं युनिट जवळ आलं की घरात बसू नका.

लेखकाचा दिवस कसा असतो?

बँक असेल तर माणसासारखा. बँक म्हणजे शूट होऊन तयार पडलेले एपिसोड. पाच-सहा एपिसोडची बँक असली की रात्री झोप मिळते. बँक संपली की आज शूट झालेलं उद्या दाखवतात, कधी सकाळचं शूट त्याच रात्री, आणि मग सेटवरून दर वीस मिनिटांनी फोन, सीन आला का, सीन आला का. एका एपिसोडला सहा ते नऊ सीन असतात, हात बसला की संवादाला पाच-सहा तास लागतात, सुरुवातीला दहा-बारा लागतील.

त्यात अचानक निरोप येतो की नायिकेला ताप आहे, चार दिवस डेट्स नाहीत. तिला मामाकडे पाठवायचं आणि तिच्याशिवाय चार दिवस गोष्ट धरून ठेवायची. मला हा भाग मनापासून आवडतो. अशा वेळी बाजूच्या पात्रांना पहिल्यांदा मोकळं मैदान मिळतं आणि कधी कधी घरातली मोलकरीण सगळा एपिसोड खाऊन जाते.

टीआरपी पडला की लेखकाला काढतात का?

कधी कधी, हो. कुठली मालिका किती लोक बघतात ते मोजणाऱ्या बार्क ह्या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात आणि गुरुवारी दुपारपासून सगळ्यांचे फोन वाजतात. आकडे पडले की पहिल्यांदा ट्रॅक बदलतो, मग लेखक. दोन आठवड्यांपूर्वी सगळ्यांनी मान्य केलेली गोष्ट एका मीटिंगमध्ये जाते, त्यावर रडू येतं, मला आलंय. तरी आकडे वाचायला शिका, कुठल्या दिवशी चढला आणि त्या दिवशी काय सीन होता हे जुळवून बघा. प्रेक्षक कशासाठी थांबले ते त्यातून खरंच कळतं.

पैसे किती आणि कधी?

एपिसोडवर मिळतात, महिन्याच्या पगारासारखे नाही. संवादाचा दर वेगळा, पटकथेचा वेगळा, कथेचा वेगळा. महिन्याला जितके एपिसोड तुमच्या नावावर, तितक्यांचं बिल करायचं, त्यातून टीडीएस कापून येतो, तो रिटर्न भरून हिशेबात घ्यायचा, म्हणून पहिल्या दिवसापासून सीए गाठा. पण खरी गोष्ट ही की पैसे बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांनी येतात. जूनमध्ये लिहिलेल्याचे सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणून मुंबईला जाताना सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण हातात ठेवूनच जा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात लोक परत येतात, आणि चांगलं लिहिणारे परत येतात हे बघवत नाही.

एका ठिकाणी माझे चाळीस एपिसोडचे पैसे बुडाले. काँट्रॅक्ट 'करू गं नंतर' म्हणत राहिलं होतं आणि मी लाजेने विचारलं नाही. आता मी पहिल्या एपिसोडआधी मेलवर दर, काम, नाव कुठे येणार आणि पैसे कधी, एवढं तरी लिहून घेते. मेलला उत्तर म्हणून नुसतं 'ओके' आलं तरी ते उपयोगी पडतं.

माझी गोष्ट चोरली तर?

कॉपीराइट आयडियाला नसतो, लिहिलेल्या मांडणीला असतो. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने आर. जी. आनंद ह्या नाटककाराच्या केसमध्ये हेच सांगितलं, त्यांचं म्हणणं होतं की त्यांच्या नाटकावरून सिनेमा केला, कोर्ट म्हणालं विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, आणि ते हरले. त्यामुळे कुणाला तोंडी गोष्ट सांगून येऊ नका, चार-पाच पानं सविस्तर लिहा, पात्रं, वळणं, शेवट, सगळं. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, मेंबर झालात की स्क्रिप्ट ऑनलाइन रजिस्टर करता येते, तारखेचा पुरावा राहतो, आणि पैशांचा किंवा क्रेडिटचा वाद झाला तर त्यांची कमिटी तक्रार घेते. मेंबरशिप पहिल्याच वर्षी घ्या. आणि 2012 च्या कायद्यातल्या बदलानंतर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क सही करून सोडून देता येत नाही, काँट्रॅक्टमध्ये तसं लिहिलेलं दिसलं तर विचारायला घाबरू नका.

कोर्स करावा का?

जमत असेल तर करा. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, कोलकात्याच्या सत्यजित रे इन्स्टिट्यूटमध्ये पटकथेचं शिक्षण मिळतं, तिथे सिनेमा बघण्याची नजर येते आणि बरोबरची मुलं आयुष्यभर कामी येतात. पण कोर्स नाही म्हणून कुणी अडत नाही. आपल्याकडे 2004 पासून दर वर्षी इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, होतो, जगभरचे लेखक-दिग्दर्शक पणजीत येऊन बोलतात, त्यांचे मास्टरक्लास असतात, आणि आपली मुलं मात्र फक्त सिनेमाच्या रांगेत दिसतात. सकाळचा एक मास्टरक्लास आणि दुपारी एक सिनेमा, असे आठ-नऊ दिवस काढा. सिनेमावाले आणि पैसे घालणारे भेटतात तो फिल्म बाजारही तिथेच भरतो, तिथे पिच कसं करतात ते निदान बघून या.

घरचे म्हणतात सरकारी नोकरी बघ. नोकरी सोडू का?

लगेच नको. नोकरी सांभाळून रात्री लिहा, दोन-तीन ट्रायल द्या, एखाद्या मालिकेत आठवड्याला दोन एपिसोड मिळाले तर बघा झेपतं का. शिक्षक असाल तर मे महिन्याची सुट्टी मुंबईत काढा. आईवडिलांना मात्र खरं सांगा, मालिका सहा महिन्यांतही बंद होते आणि मधे तीन-चार महिने काम नसतं. माझ्या आईने एकच विचारलं, नाव टीव्हीवर दिसेल ना? दिसलं त्या दिवशी तिने शेजारच्या चार घरांत सांगितलं, आणि नंतर पैशांबद्दल कधी विचारलं नाही.

मुलींना वेगळं सांगायचं तर रात्रीच्या मीटिंगला एकटीने जायची सक्ती नसते, ऑनलाइन करू म्हणा. ह्या क्षेत्रात लिहिणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पहिल्याच महिन्यात दोघी-तिघींशी ओळख करून घ्या.

वेब सिरीजच लिहिली तर?

लिहा ना. आठ-दहा एपिसोड असतात, वेळ जास्त मिळतो, पुन्हा पुन्हा लिहून घेतात. मराठीत कामं मालिकेच्या मानाने कमी आहेत, त्यामुळे घर चालवायला बहुतेक जण मालिका लिहितात आणि मधल्या वेळात सिरीजचा ड्राफ्ट करतात. मालिकेने हात इतका चालता होतो की दहा पानांची भीती कधीच वाटत नाही.

टाईप कशात करू? मी अजून हाताने लिहितो.

हाताने लिहिणं सोडा, सेटवर कोणी वाचणार नाही. युनिकोडमध्येच करा, इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत असेल तर उत्तम, नाहीतर फोनेटिक, आणि गुगल डॉक्स पुरे. आपल्याकडे पेपरात किंवा प्रेसमध्ये काम केलेली मुलं जुन्या फॉन्टमध्ये फाइल पाठवतात, ती दुसऱ्याच्या फोनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. माझी पहिली सॅम्पल फाइल अशीच गेली होती, फोन आला की काही वाचता येत नाही, आणि डोंबिवलीला मावशीकडे बसून चौदा पानं रात्रभर पुन्हा टाईप केली. पाठवताना पीडीएफ करा, प्रत्येक सीनवर नंबर, जागा, दिवस की रात्र आणि पात्रांची नावं, आणि फाइलच्या नावात तुमचं नाव आणि फोन नंबर. तिकडे एका दिवसात 'सॅम्पल' नावाच्या दहा फाइली येतात.